तोच आणि तसाच

भागवत सप्ताहाच्या पाचव्या दिवशी आमच्या मंदिरात ब्रह्मदेवाच्या मोहाची कथा चालली होती. श्रीकृष्णाची परीक्षा पाहावी म्हणून ब्रह्मदेवाने गोकुळातील वासरे आणि गोपबालक चोरून नेऊन लपविले, तेव्हा भगवंत स्वतःच तितकी वासरे आणि तितके बालक झाले. ज्याचे जसे शरीर, जशी काठी, जसे शिंग, जसे शिंके, जसा स्वभाव, ते सर्व हुबेहूब! वर्षभर हा प्रकार चालला आणि व्रजातील एकाही मातेला संशय आला नाही. तीर्थरूप हे सांगत असताना पुढे बसलेल्या एका शाळकरी मुलाने मध्येच विचारले, "गुरुजी, आता शास्त्रज्ञसुद्धा असे करतात ना? कर्नालला तशी म्हैस केली होती." मंडळी हसली. हसू ओसरते न ओसरते तोच मागच्या खांबाशी नेहमी बसणाऱ्या एका काकूंनी हळू आवाजात विचारले, "गुरुजी, शरीर तसेच्या तसे केले, तर माणूस परत येईल काय?"

सभामंडप एकदम शांत झाला. काकूंचा धाकटा मुलगा ऐन पंचविशीत गेला, हे बहुतेकांना ठाऊक होते. तीर्थरूप क्षणभर थांबले आणि म्हणाले, "काकू, ह्याचे उत्तर घाईने देऊ नये. मला विचार करू द्या." त्या रात्री शेजारती झाल्यावर त्यांनी तो प्रश्न आमच्याकडे सोपविला. "तू ती विज्ञानाची पुस्तके वाचतोस, त्यांत काय आहे ते लिहून काढ. पुराणाचे मी पाहतो." प्रस्तुत लेख हा त्या आज्ञेचे फळ होय. आमचे शिक्षण शाळेपुरतेच झालेले असल्यामुळे ह्यात काही उणे राहिले, तर जाणत्यांनी ते सांभाळून घ्यावे.

प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि आपल्या मराठी भाषेने ते दोन लहान शब्दांत आधीच वेगळे करून ठेवले आहेत. एक 'तसाच' आणि दुसरा 'तोच'. बाजारात गेलेला मनुष्य हरवलेल्या छत्रीसारखी दुसरी छत्री विकत घेतो. ती 'तशीच' असते आणि त्याचे काम भागते. परंतु हरवलेली छत्री कोणी शोधून आणून दिली, तर तिला तो 'तीच' म्हणतो. छत्रीच्या बाबतीत हा भेद आपण मनावर घेत नाही. सजीवाच्या बाबतीत मात्र सर्व सुखदुःख ह्याच भेदावर उभे आहे. तेव्हा पहिला प्रश्न असा की, सजीव 'तसाच' करता येतो काय? दुसरा प्रश्न असा की, तसा केलाच, तर तो 'तोच' होतो काय?

पहिल्या प्रश्नासाठी दूर जाण्याचे कारण नाही. धारवाड आणि कलघटगीकडील हापूसच्या बागा आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेल्या आहेत. हापूसची कोय पेरली, तर येणारे झाड हापूसचे निपजेलच असा भरवसा नसतो. कारण कोयीत आईबरोबर परागाच्या रूपाने बापाचाही वाटा असतो. म्हणून बागाईतदार खुंटावर हापूसच्या झाडाची काडी बांधून कलम करतो. ती काडी म्हणजे त्या जुन्या झाडाचेच शरीर होय. त्या झाडाचेही कलम त्याच्या आधीच्या झाडावरून झालेले. अशा रीतीने मागे मागे जात राहिले, तर पोर्तुगीजांच्या काळच्या गोव्यापर्यंत माग लागतो. आफोन्सो द आल्बुकर्क ह्या पोर्तुगीज सेनापतीच्या नावावरून ह्या आंब्याला नाव पडले आणि आपल्या जिभेवर त्याचे हापूस झाले. तात्पर्य, सजीवाची शारीरिक प्रत काढण्याची विद्या आपल्या माळ्यांना शेकडो वर्षे अवगत आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही. एक चाकू आणि एक चिंधी पुरली.

आता ही प्रत किती हुबेहूब उतरली ते पाहा. रत्नागिरीचा हापूस, देवगडचा हापूस आणि आपल्या धारवाडचा हापूस ही एकाच कुळाची कलमे असूनही तिन्ही फळे चाखणाऱ्याला वेगळी लागतात. कोकणात जांभा दगड, समुद्राचा खारा वारा आणि दमट उन्हाळा. आपल्याकडे समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांच्या वरचे पठार, निराळी माती, थंड रात्री आणि उशिराने येणारा हंगाम. झाडाचे बीजलिखित एकच, परंतु ते लिखित वाचणारी भूमी दुसरी. म्हणूनच २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर ह्या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आणि कर्नाटकाचा हापूस त्या नावाखाली खपविला जातो अशी तक्रार कोकणातले बागाईतदार वारंवार करीत आले आहेत. आपल्या फळाचा अभिमान आपल्याला असणारच. त्या वादात आम्ही पडत नाही. परंतु वाद आहे, ह्यातच आमचा मुद्दा सिद्ध होतो. जर कलम ही निर्दोष प्रत असती, तर भांडण्यासारखे काही उरलेच नसते.

झाडावरून प्राण्याकडे वळू. स्कॉटलंडमधील रॉस्लिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी 'डॉली' नावाची मेंढी जन्मली. सहा वर्षे वयाच्या एका मेंढीच्या कासेतील पेशी घेतली, दुसऱ्या जातीच्या मेंढीच्या अंडपेशीतील केंद्रक काढून टाकून तिथे त्या पेशीचा संयोग केला आणि तो गर्भ तिसऱ्या मेंढीच्या उदरात वाढविला. अशा २७७ प्रयत्नांतून एकच कोकरू जगले. १४ फेब्रुवारी २००३ रोजी, फुप्फुसाच्या रोगामुळे, डॉलीला मरण द्यावे लागले. आपल्या देशातही कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत ६ फेब्रुवारी २००९ रोजी अशाच मार्गाने म्हशीचे एक पारडू जन्मले. त्याचे नाव मोठे अर्थपूर्ण ठेवले होते, 'समरूपा'. ते पारडू काही दिवसांतच दगावले. त्याच वर्षी ६ जून रोजी 'गरिमा' जन्मली आणि ती सुमारे दोन वर्षे जगली. पुढे १६ मार्च २०२३ रोजी त्याच संस्थेत गीर जातीची 'गंगा' नावाची कालवड जन्मास आली. सप्ताहात त्या मुलाने विचारलेली गोष्ट ती हीच.

ह्या प्राण्यांना आपण प्रती म्हणतो खरे, परंतु बारकाईने पाहू लागले की 'हुबेहूब' हा शब्द ओठांवरच थांबतो. पेशीच्या केंद्रकाबाहेरही थोडेसे आनुवंशिक द्रव्य असते. पेशीला शक्ती पुरविणाऱ्या सूक्ष्म घटकांत ते वास करते आणि डॉलीमध्ये ते अंडपेशी देणाऱ्या मेंढीकडून आले होते. म्हणजे बीजलिखितातसुद्धा ती मूळ मेंढीशी सोळा आणे जुळत नव्हती. ह्याहून मौजेची गोष्ट एका मांजरीची. अमेरिकेत टेक्सास येथील विद्यापीठात २२ डिसेंबर २००१ रोजी 'सीसी' नावाचे मांजरीचे पिल्लू अशाच रीतीने जन्मले. मूळ मांजर तिरंगी होती, पांढऱ्या अंगावर काळे आणि नारिंगी ठिपके असलेली. प्रतीच्या अंगावर मात्र नारिंगी रंग मुळी उमटलाच नाही. कारण असे की, मादीच्या प्रत्येक पेशीतील दोन समान गुणसूत्रांपैकी एक गर्भावस्थेतच झोपी जाते. कोणत्या पेशीत कोणते झोपेल हे यदृच्छेने ठरते आणि ज्या पेशीपासून प्रत काढली, तिच्यात नारिंगी रंगाचे गुणसूत्र झोपलेले होते. ज्या कोणाला आपल्या मेलेल्या मांजराची प्रत हवी असेल, त्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी. ज्या रंगावरून आपण तिला ओळखत होतो, तोच रंग परत येईल ह्याची हमी नाही.

निसर्गही अधूनमधून अशा प्रती काढतो. एकाच गर्भापासून झालेली जुळी भावंडे ही एकमेकांची जन्मजात प्रतच होत. आपल्या सभासद कुटुंबांत अशी जुळी आहेत आणि तीर्थ देताना आम्ही स्वतः फसलो आहोत. परंतु त्यांच्या आईला विचारा, ती कधी फसत नाही. त्यांच्या बोटांचे ठसेसुद्धा एकसारखे नसतात. एकाच उदरात, एकाच वेळी वाढताना ज्याला जसा दाब, जशी जागा, जशी हालचाल मिळाली, त्याप्रमाणे बोटावरच्या रेषा वळल्या. गवळीवाड्यातला मनुष्य अंधारातही आपल्या दहा काळ्या म्हशी वेगवेगळ्या ओळखतो. आपल्याला त्या सारख्या दिसतात, कारण आपण त्यांच्यात राहिलेलो नसतो. सारखेपणा हा पुष्कळदा पाहणाऱ्याच्या अज्ञानाचेच दुसरे नाव असतो.

कोणी म्हणेल, बीजापासून वाढविलेली प्रत निराळी होणारच. परंतु समजा, पुढे कधी जिवंत शरीरच कणाकणाने उतरवून काढण्याची युक्ती निघाली, तर? बीज नको, गर्भ नको. पंचवीस वर्षांचे शरीर घ्यावे आणि पंचवीस वर्षांचे शरीर उभे करावे. हा आक्षेप योग्य आहे आणि त्याला टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

प्रथम कामाचा आवाका पाहू. मनुष्याच्या शरीरात सुमारे तीस लाख कोटी पेशी असतात. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असून त्यांतील प्रत्येक पेशी इतर हजारोंशी जोडलेली असते. त्या जोडण्या शिकण्याने, विसरण्याने, रागावण्याने, प्रेम करण्याने बदलत असतात. रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, नंतर तिच्या जागी दुसरी येते. म्हणजे प्रत काढणाऱ्याने मोजमाप पूर्ण करेपर्यंत मूळच बदललेले असते. आपल्या गाभाऱ्यातील नंदादीपाचे उदाहरण घ्या. त्याच्या ज्योतीची प्रत काढावयाची झाली, तर कोणत्या क्षणाच्या ज्योतीची काढावी? तेल वर चढत आहे, वात जळत आहे, काजळी उडत आहे. ज्योत ही वस्तू नसून एक चाललेले कर्म आहे आणि सजीव शरीर हे त्याच जातीचे आहे. त्याशिवाय पदार्थविज्ञानाचा एक सिद्धांत १९८२ साली वूटर्स, झुरेक आणि डीक्स ह्या शास्त्रज्ञांनी मांडला आहे. एखाद्या सूक्ष्म कणाची अज्ञात अवस्था, मूळ तशीच राखून, तंतोतंत दुसऱ्या कणावर उतरविता येत नाही. आता सजीवाची प्रत काढावयास इतकी सूक्ष्मता लागतेच, असा दावा आम्ही करीत नाही. परंतु 'निर्दोष प्रत' हा शब्द अक्षरशः घ्यावयाचा असेल, तर सृष्टीच्या नियमांनीच तिथे एक दार लावून घेतले आहे, एवढे खरे.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे : पुष्कळसा सारखा सजीव करता येतो, निर्दोष सारखा करता येत नाही, आणि जरी केला, तरी तो सारखेपणा क्षणभराचा असतो. पुढच्याच श्वासाला मूळ एका बाजूस चालू लागेल आणि प्रत दुसऱ्या.

परंतु काकूंचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. मातेचे मन शास्त्रज्ञाइतकी सूक्ष्मता मागत नसते. थोडे कमीजास्त असले तरी चालेल, पण तो यावा, एवढेच तिचे म्हणणे. म्हणून आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. विज्ञानाला जे जमत नाही, ते सर्व जमले असे धरून चालू. पुराणांनी हे केव्हाच धरून चालले आहे, आणि म्हणूनच त्यांच्या कथा ह्या बाबतीत प्रयोगासारख्या उपयोगी पडतात.

सूर्याची पत्नी संज्ञा. पतीचे तेज असह्य झाल्यामुळे तिने आपल्याच रूपाची दुसरी स्त्री निर्माण केली. ती छाया. रूप, वर्ण, वाणी सर्व तेच. संज्ञा निघून गेली आणि साक्षात सर्वसाक्षी सूर्यालाही फरक कळला नाही. मग तो कसा उघडकीस आला? छायेला स्वतःची मुले झाल्यावर ती संज्ञेच्या मुलांशी दुजाभाव करू लागली. यमाने रागाने पाय उगारला आणि तिने त्याला शाप दिला. तेव्हा यम पित्याजवळ जाऊन म्हणाला की, मुलगा चुकला तरी आई असा शाप देणार नाही, ही आमची आई नव्हे. पाहा, जे सूर्याच्या डोळ्यांना दिसले नाही, ते मुलाला कळले. छायेजवळ संज्ञेचे सर्व रूप होते, परंतु संज्ञेने ज्या मुलांना नऊ महिने वाहिले आणि रात्री जागून वाढविले, ते तिचे कर्म छायेच्या पाठीशी नव्हते. रूप उसने घेता येते, गेलेला काळ उसना घेता येत नाही.

दुसरी कथा दमयंतीची. स्वयंवरात तिच्यापुढे पाच नळ उभे राहिले. चार देव आणि एक मनुष्य. ह्यांतून तिने आपला नळ कसा निवडला? ज्यांना घाम नाही, ज्यांची पापणी लवत नाही, ज्यांच्या माळा कोमेजत नाहीत आणि ज्यांचे पाय भूमीला टेकत नाहीत, ते देव. ज्याच्या अंगावर धूळ आहे, माळ सुकत चालली आहे आणि ज्याची सावली पडते, तो नळ. आम्ही ही कथा लहानपणापासून ऐकत आलो, परंतु तिचे मर्म आत्ता ध्यानी आले. दमयंतीने निर्दोष ते सोडले आणि कोमेजणारे ते वरिले. जो थकतो, ज्याच्यावर प्रवासाची धूळ बसते, ज्याचा काळ सरत असतो, तोच जिवंत, आणि त्याच्यावरच प्रेम करता येते.

आपल्या दर्शनकारांनीही हा प्रश्न हाताळला आहे. कणादांच्या शास्त्राला वैशेषिक म्हणतात ते 'विशेष' ह्या पदार्थावरून. एकाच जातीचे दोन परमाणू गुणाने सर्वस्वी सारखे असले, तरी ते दोन आहेत, एक नाहीत. त्यांना वेगळे राखणारा जो अंतिम धर्म, तो विशेष. म्हणजे सारखेपणा कितीही वाढविला, तरी दोहोंचे एक होत नाही, हे आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले. वेदांती लोक 'तोच हा देवदत्त' हे उदाहरण देतात. पूर्वी दुसऱ्या गावी पाहिलेला आणि आज येथे दिसलेला देवदत्त एकच, असे आपण कशावरून म्हणतो? तेव्हाचे वस्त्र नाही, तेव्हाचे वय नाही, कदाचित केसही पांढरे झाले आहेत. म्हणजे तो 'तसाच' मुळीच नाही, तरी 'तोच' आहे! आणि त्याची प्रत 'तशीच' असली, तरी 'तोच' नाही. ह्यावरून हे दोन शब्द एकमेकांवर अवलंबून नाहीत, हे स्पष्ट होते.

तरीही एखादा आग्रही वाचक विचारील की, प्रतीला मूळच्या सर्व आठवणी असतील, ती स्वतःला तोच समजेल, आईला त्याच नावाने हाक मारील. मग उणे काय राहिले? ह्यावर आम्ही एक साधी कल्पना करावयास सांगतो. समजा, मूळ मनुष्य मेला नाही आणि प्रतही तयार झाली. संध्याकाळी दोघेही एका दारात येऊन उभे राहिले. आईला आता किती मुलगे? दोन. ह्याबद्दल कोणाला शंका येणार नाही. मग मूळ मेल्यानंतर हीच प्रत घरी आली, तर एकाएकी ती दुसरा मुलगा न राहता पहिला कशी होईल? एकाच्या मरणाने दुसऱ्याची ओळख बदलत नाही.

आम्ही भिक्षुकाच्या घरचे असल्यामुळे आमच्या मनात एक व्यवहाराची कसोटी येते, तीही मांडतो. गेलेल्याची तिथी येते. घरात त्याची हुबेहूब प्रत वावरत आहे. त्या दिवशी श्राद्ध करावयाचे की नाही? केले, तर गेलेला निराळा आणि हा निराळा, असे आपण स्वतःच पिंडासमोर बसून कबूल केले. न केले, तर गेलेल्याला आपण सोडून दिले. ज्याने पंचवीस वर्षे आपल्याबरोबर काढली, त्याच्या वाट्याचे तीळ आणि पाणी आपण बंद केले, ते केवळ त्याच्यासारखा दिसणारा कोणी घरी आला म्हणून! कोणती माता ह्याला तयार होईल? आणि त्या आलेल्याचेही पाहा. त्याचा जन्म निराळ्या नक्षत्रावर, निराळ्या दिवशी झालेला. त्याला त्याचे नामकरण, त्याचे संस्कार, त्याचे बरेवाईट हवेच. जुळ्यांपैकी धाकट्याचे जातकर्म थोरल्याच्या जातकर्मात भागत नाही. प्रत म्हणून जो जन्मला, तोही कोणाचा तरी पहिलाच जन्म आहे.

येथे गणपतीचे उदाहरण कोणी पुढे करील. एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात, दर वर्षी नवी मूर्ती येते आणि तरी आपण 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतो, म्हणजे तोच येतो असे मानतो. हे खरे आहे. परंतु ते देवाच्या बाबतीत खरे आहे, कारण देव मूर्तीत प्रतिष्ठेपुरता असतो, मूर्तीएवढा नसतो. सप्ताहातील कथेचे रहस्यही हेच. वर्षभर गोकुळातील मातांचे आणि गाईंचे प्रेम उणे न होता वाढतच गेले, असे कथा सांगते. प्रती चांगल्या उतरल्या म्हणून का ते वाढले? नव्हे. त्या प्रती नव्हत्याच. प्रत्येकाच्या अंतरी जो आधीपासूनच होता, तोच उघड रूपाने घरोघरी आला होता. वर्षानंतर मूळ बालक परत मिळाले, हेही विसरू नये. त्यांच्या जागी दुसरे देऊन भगवंताने व्यवहार मिटवून टाकला नाही. ज्याचा मुलगा त्याला तोच परत दिला.

ह्या सर्वांतून आम्हांस जे वाटते ते थोडक्यात असे. ज्याला आत्मा हवा आहे, त्याला प्रतीची गरज नाही, कारण आत्मा सर्वत्र एकच, असे आपले शास्त्र सांगते. तो काकूंच्या मुलात होता तसाच शेजारच्या मुलातही आहे. आणि ज्याला ते एक विशेष माणूस हवे आहे, त्याचे हसणे, त्याचे रुसणे, त्याने घालविलेली आणि आपण त्याच्याबरोबर घालविलेली वर्षे हवी आहेत, त्याला कोणतीही प्रत पुरणार नाही. आत्म्यासाठी प्रत अनावश्यक, विशेषासाठी अपुरी. तेव्हा प्रतीच्या मागे लागून ह्या दोहोंपैकी एकही हाती लागत नाही.

वाचकहो, मनुष्याची अशी प्रत काढणारा कोणी आपल्या गावात नाही, मग ही चर्चा कशासाठी, असे तुम्ही म्हणाल. एक तर मेलेल्या माणसाचा आवाज यंत्राने पुन्हा बोलता करण्यापर्यंत आज मजल गेली आहे आणि तो आवाज लवकरच आपल्याही घरात पोहोचेल. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. प्रती काढण्याचा उद्योग आपण घरोघर यंत्रावाचूनच करीत असतो. आजोबा गेले आणि वर्षाच्या आत नातू झाला की "आजोबाच आले" असे म्हणतो. त्यात मायेचा गोडवा आहे आणि तेवढ्यापुरते ते गोडच राहावे. परंतु पुढे त्या मुलाने आजोबांसारखेच बसावे, त्यांच्यासारखेच बोलावे, त्यांनाच आवडे ते खावे, असे होऊ लागले की मायेचे ओझे होते. आम्हांस हे अनुभवाने ठाऊक आहे. पूजेत मंत्र म्हटले की "हुबेहूब वडिलांचा आवाज" असे लोक कौतुकाने म्हणतात. आम्हांस अभिमान वाटतो आणि थोडी भीतीही वाटते. आम्ही एकदा तीर्थरूपांना हे बोलून दाखविले, तेव्हा ते म्हणाले, "कुंदगोळचे सवाई गंधर्व एकच गुरू. त्यांच्या हाताखाली आपल्या हुबळीच्या गंगूबाई हनगल तयार झाल्या, भीमसेन जोशीही तयार झाले. दोघांचे गाणे एकसारखे आहे काय? गुरूने विद्या दिली, गळा ज्याचा त्याचा." परंपरा आणि प्रत ह्यांतील भेद ह्याहून सोप्या शब्दांत आम्हांस सांगता येणार नाही.

आता काकूंविषयी. त्यांचा मुलगा गेल्यावर वर्षाच्या आत त्यांच्या थोरल्या मुलाला मुलगा झाला आणि त्याला गेलेल्या काकाचेच नाव ठेवले. नाव ठेवण्यात गैर काही नाही, आपल्यात ती रीतच आहे. मुलगा आज नऊ वर्षांचा आहे. काका तबला वाजवीत, म्हणून ह्याच्यापुढे तोच तबला मांडला जातो आणि काकाच्या तिथीस ह्याला काकाच्या जागी पाटावर बसवितात.

सप्ताहाच्या समाप्तीला काकू प्रसाद घेण्यास आल्या, तेव्हा तीर्थरूपांनी त्यांना पुराण सांगितले नाही. आम्ही लिहून दिलेलेही वाचून दाखविले नाही. त्यांनी नुसते विचारले, "काकू, नातवाला काय आवडते?" काकू उत्तर द्यावयास गेल्या आणि अडखळल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "गुरुजी, तो सारखी चित्रे काढतो. भिंतीसुद्धा सोडत नाही. आमच्या ह्याला चित्रकलेत कधी पास होणेही जमले नव्हते." बोलता बोलता त्यांना हसू आले आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. तीर्थरूपांनी नातवासाठी एक पेढा जास्त दिला आणि सांगितले, "तिथीला पान काकाच्या नावाने वाढा. पण ह्याला ह्याच्याच जागी बसवा."

आम्हांस वाटते की, काकूंच्या प्रश्नाचे उत्तर त्या दोन वाक्यांत आले. गेलेला परत येत नाही, म्हणूनच त्याची तिथी त्याचीच राहते. आलेला नवा असतो, म्हणूनच त्याचे पान निराळे मांडावयाचे. इत्यलम्.